पडीक

मशीनचा आवाज अनंतने वाड्यावर, गावातल्या आपल्या वस्तीवर, पोचायच्या आधीच ओळखला. सतरा वर्षं खाणीवर टिपर चालवलेल्या माणसाला जेसीबी कसल्या कामाला लागलाय ते नुसत्या आवाजावरून कळतं. माती भरताना इंजिन एका लयीत चालतं. झाड उपटताना ते मध्येच घुसमटतं, गुरगुरतं आणि मग एकदम मोकळं होतं. आता ते एकदम मोकळं झालं होतं, आणि आवाज खालच्या शेताकडून येत होता.

स्कूटरवर मागे बसलेल्या त्याच्या बायकोनेही, यशोदेने, तो ऐकला. दोघं दोन दिवस हरमलला तिच्या बहिणीकडे वास्तुशांतीला गेली होती आणि जेवणं उरकून दुपारचीच परत निघाली होती.

"आपल्याच बाजूला ना हो?" तिने विचारलं.

 घराकडे न वळता अनंतने स्कूटर सरळ मेरेपर्यंत, शेताच्या बांधापर्यंत, नेली, स्टँडवरही लावली नाही, तशीच आडवी टाकली आणि धावत सुटला.

व्हाळाच्या, शेताकडेच्या ओढ्याच्या, काठचा अर्धा पट्टा उघडा पडला होता. किंदळ, जांभूळ, करमल, शिवण, सगळी मुळं वर करून एकमेकांवर पडली होती. केवड्याची बेटं उपटून व्हाळात ढकलली होती आणि पाणी त्यांना अडून कडेच्या चिखलात पसरत होतं. दोन पाणकोंबड्या त्या उघड्या चिखलावरून नुसत्या इकडून तिकडे पळत होत्या.

अनंत मशीनच्या पुढे जाऊन उभा राहिला. फावडं त्याच्या डोक्याच्या वर हातभर उंचीवर थांबलं. इंजिन बंद झालं. केबिनमधून उतरला तो निलेश, दोडामार्गचा. एके काळी दोघं एकाच खाणीवर होते.

"अनंतबाब?" निलेशचा चेहरा उतरला. "ही तुमची जमीन? माका कोणी सांगूक नाय."

"मग आता कळलं ना?"

"कळला." निलेशने मशीनची चावी काढून खिशात टाकली आणि तो जांभळीच्या आडव्या खोडावर मान खाली घालून बसला.

तेवढ्यात हिरवं जाकीट घातलेला एक तरुण हातातला टॅब सांभाळत चिखलातून आला. त्याचं नाव परेश. म्हापशाच्या ज्या संस्थेने वनीकरणाचं कंत्राट घेतलं होतं, तिचा हा सुपरवायझर.

"काका, काही काळजी करू नका," तो हसत म्हणाला. "इथे झाडंच लावायची आहेत."

अनंतला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "झाडं लावायला झाडं उपटलीस?"

"ही झाडं नव्हेत काका, ही झुडपं. रेकॉर्डला तुमची जमीन पडीक आहे. हवामान बदलाची योजना आली आहे, शेतजमिनीवर हरित पट्टे करायचे. चार-चार मीटरवर खड्डा, प्रत्येक रोपाचा फोटो. मोठं काम आहे."

"कसली रोपं?"

"अकेशिया. भराभर वाढतो. वर्षभरात फोटोत सगळं हिरवंगार दिसेल."

"माझं रान तोडायला तुला सांगितलं कोणी?"

परेशने टॅबवर एक कागद उघडून पुढे धरला. संमतीपत्र होतं. खाली वळणदार अक्षरात सही होती, गोकुळदास जयराम गावस. अनंतचा थोरला भाऊ.

"उताऱ्यावर दोन नावं आहेत," अनंत म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला.

"कामाला एका मालकाची सही पुरते, काका."

यशोदा मागून येऊन उभी राहिली होती.  वाकून तिने चिखलातून एक करमलाची फांदी उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि परत खाली ठेवली. त्या दिवशी काम थांबलं ते फक्त निलेशने चावी दिली नाही म्हणून.

त्या पट्ट्यामागे बारा वर्षं होती. शेताच्या वरच्या अंगाला टेकडीवर खाणीचा डंप आहे, उपसलेल्या मातीचा डोंगर. खाण चालू होती तेव्हा दर पावसात त्याची तांबडी माती व्हाळातून खाली यायची आणि शेतात साचायची. अनंतचे वडील जयराम यांनी त्या शेतात पावसाळी भात आणि त्यानंतर वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, अशी वर्षाला दोन पिकं घेतलेली. शेवटच्या वर्षी त्यांनी शेतात उतरून कोपरापर्यंत हात घातला, तरी जुनी काळी माती हाताला लागली नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

खाणी बंद पडल्या, टिपर दारात गंजत उभा राहिला, तेव्हा अनंतने कुदळ घेतली. दोन वर्षं माती काढली, दोन्ही वर्षं पावसाने ती परत आणून टाकली. मग यशोदेच्या ध्यानात आलं की व्हाळाकाठी जिथे केवडा आणि वाळुंजाची दाटी शिल्लक आहे, तिथेच चिखल अडतो. त्याच्या खालचं पाणी नितळ असतं.

"हा काठाचा पट्टा कसायचाच नाही," ती म्हणाली. "व्हाळाचा होता, त्याला परत देऊया."

त्यांनी तो दिला. व्हाळात दगडांचे बुटके बांध घातले. देवराईत पडलेल्या बिया वेचून आणल्या. गुरं आत शिरू नयेत म्हणून काटेरी कुंपण केलं. वाड्यावर लोक हसले, भाताच्या जमिनीत कोणी रान वाढवतं का म्हणून. चौथ्या वर्षी बेडूक आले. सहाव्या वर्षी वरच्या तुकड्यात पुन्हा भात उभं राहिलं. आठव्या वर्षी शेजारच्या शंभूची विहीर मे महिन्यात पहिल्यांदाच आटली नाही, आणि मग हसणं थांबलं. साखळी गावच्या कॉलेजात शिकवणारी सिद्धी दर वर्षी मुलांना घेऊन यायची, मातीचे नमुने न्यायची. ती म्हणायची, "काका, हवेतला कार्बन नुसता झाडात नसतो, निम्म्याहून जास्त इथे पायाखाली आहे. ही माती उघडी पडली तर तो पुन्हा वर जाईल." अनंतला त्यातलं सगळं कळत नसे. ही माती उघडी पडता कामा नये, एवढं मात्र त्याला तिच्या आधीपासून माहीत होतं.

संध्याकाळी तो डिचोलीला गेला. गोकुळदास सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन बाजाराजवळच्या फ्लॅटमध्ये राहत होता. दार शीतलवयनीने उघडलं. तिने पाणी आणलं. अनंतने ग्लास घेतला नाही आणि तो बसलाही नाही.

"दादा, सही तुझी?"

"हो. बस तरी."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नकोच म्हणाला असतास. तुझं सगळ्यालाच नको असतं." गोकुळदासने टीव्हीचा आवाज कमी केला. "अरे, चांगलं काम आहे. योजनेचे संचालक स्वतः येणार पर्यावरण दिनाला. बोर्डावर बाबांचं नाव देणार आहेत, कैलासवासी जयराम गावस स्मृती हरित वन. बाबांच्या नावाने गावात काय आहे आपलं? एक बाकडं तरी आहे?"

"बाबांच्या नावाचं तिथे रान होतं."

"रान कसलं? झाडोरा माजला होता नुसता. लोक मला विचारायचे, शेत असं टाकून का दिलं म्हणून."

"तू त्या शेतात शेवटचा कधी उतरलास?"

 उत्तर शीतलवयनीने दिलं, स्वयंपाकघराच्या दारातून, शांतपणे. "मामंजींच्या वर्षश्राद्धाला गेलो होतो आपण. तुम्ही मेरेवर उभे होता. चपला खराब होतील म्हणून खाली उतरला नाहीत."

गोकुळदास चिडला तो बायकोवर, पण बोलला भावाला. "आणि तू रे? मला जाब विचारायला आलास? बाबांचं शेत बुडवलं कोणी? त्या डंपवर माती नेऊन ओतत होता कोण? सतरा वर्षं तूच ओतत होतास ना? बाबा खाली शेतात उभे असायचे आणि वरून तू टिपर उलटा करायचास."

हे अनंतला आजवर कोणी तोंडावर बोललं नव्हतं. वडीलही बोलले नव्हते. ते फक्त रात्री जेवताना त्याच्या कपड्यांवरची तांबडी धूळ बघायचे आणि मग भात कालवायला लागायचे.  समोरची काचेची टीपॉय उचलून भिंतीवर मारावी असं त्याला क्षणभर इतकं खरं वाटलं, की त्याने दोन्ही हात मागे घेऊन एकमेकांत अडकवले.

"मीच ओतली," तो म्हणाला. "आणि काढलीही मीच. बारा वर्षं. तू दोन्ही वेळेला काय करत होतास ते सांग."

"हे बघ अनंत..."

"सही मागे घे."

"आता सगळं ठरलंय. पत्रिका छापल्यात. माझी काय पत राहील?"

अनंत उतरून निघून आला. जिन्यात वयनी मागून आली, काहीतरी म्हणाली; त्याने थांबून ऐकलं नाही.

पुढचे आठ दिवस त्याने कचेऱ्यांत घालवले. पंचायतीत पंच म्हणाले, फाईल वरून आली आहे, आमच्या हातात काही नाही. वनखात्यात सांगितलं, नोंद पडीक आहे, पडीक जमिनीवरची झुडपं काढायला परवानगी कशाला लागते? त्याने विचारलं, "साहेब, येऊन बघाल का?" साहेबांनी टॅबवर वरून घेतलेलं चित्र दाखवलं. त्यात त्याचं रान हिरवा ठिपका दिसत होतं. "हे हिरवं दिसतंय ना?" अनंत म्हणाला. साहेब म्हणाले, "वरून काजूची बागही हिरवीच दिसते." शेवटी त्याने लेखी तक्रार दिली तेव्हा कारकुनाने ती वाचून परत केली. तक्रारीवर दोन्ही मालकांच्या सह्या हव्यात.

"तोडायला एक सही चालली," अनंत म्हणाला.

"ती संमती होती," कारकून म्हणाला. "ही तक्रार आहे."

दरम्यान दुसरं मशीन आलं. उरलेल्या अर्ध्या पट्ट्यासमोर शंभू आणि वाड्यावरची माणसं आळीपाळीने उभी राहिली म्हणून तो वाचला. उघड्या झालेल्या भागात मात्र खड्डे पडले, ओळीत, एकसारखे.

पर्यावरण दिनाच्या सकाळी मंडप लागला. प्लास्टिकच्या पिशव्यांतली रोपं टेम्पोतून उतरली. वडिलांच्या नावाचा बोर्ड कापडाने झाकून उभा केला होता. अनंत घरातून निघाला तेव्हा त्याच्या हातात कोयता होता. काय करायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. मंडपाचे दोर कापायचे की बोर्ड, की आणखी काही, त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

यशोदेने उंबऱ्यातच त्याच्या हातातून कोयता काढून घेतला.

"हा घेऊन गेलात तर उद्या पेपरात तुमचाच फोटो येईल. रोपं लावायला आलेल्यांवर धावून गेला म्हणून. त्यांना तेच हवंय."

"मग मी काय करू? टाळ्या वाजवू?"

"तुम्ही मागून या," ती म्हणाली आणि पुढे निघाली.

ती थेट शेतात गेली. मंडपाच्या बरोबर समोरच्या खड्ड्यात उतरली आणि साडी सावरून बसली. दोन मिनिटांनी शंभूची बायको गंगा शेजारच्या खड्ड्यात उतरली. मग तिची सून. मग वाड्यावरच्या आणखी बायका, कोणी हातातली कामं टाकून, कोणी पदराला हात पुसत. कोणी घोषणा दिल्या नाहीत. पुढच्या दोन ओळींतले सगळे खड्डे भरले.

परेश धावत आला. "मावशी, हे काय? उठा, पाहुणे पोचतायत."

"लावा की," गंगा म्हणाली. "खड्डे तुम्हीच खणले ना? आम्ही बसलोय. ओढा माती."

संचालकांची गाडी आली. गोकुळदास पांढऱ्या शर्टात त्यांना सामोरा गेला, आणि खड्ड्यांतल्या बायका पाहून अर्ध्या वाटेत थांबला. संचालकांनी परेशला विचारलं, परेशने काहीतरी गैरसमज झाल्याचं सांगितलं. माईक चालू होता. अनंत चालत गेला आणि तो हातात घेतला. त्याला कोणी अडवलं नाही, कारण तो असं काही करेल असं कोणाला वाटलंच नव्हतं.

"मी अनंत गावस," तो म्हणाला. "वर जो डंप दिसतो तो रचायला मी होतो. सतरा वर्षं टिपर चालवला. माझ्या बापाचं शेत मी ओतलेल्या मातीने बुडालं. ते मला सगळ्यांसमोर सांगायचं होतं, सांगितलं. आता तुम्ही ऐका. ही माती खाली येऊ नये म्हणून आम्ही इथे रान वाढवलं. ते डंपची माती अडवत होतं. तुमच्या माणसाने ते अर्धं उपटलं आणि तुम्ही तिथे रोप लावून फोटो काढणार. महिन्याभरात इथून चिखल जाईल तो या बायकांच्या शेतात. तेव्हा तुम्ही याल का फोटो काढायला?"

 संचालक शांतपणे ऐकत होते.

"तुमची तक्रार लेखी द्या," ते म्हणाले. "आम्ही नक्की लक्ष घालू."

"दिली होती. परत केली."

संचालकांनी घड्याळ पाहिलं. मग ते परेशच्या कानाशी काही बोलले आणि गाडीत बसले. पंधरा मिनिटांत रोपं पुन्हा टेम्पोत चढली, बोर्डही चढला. कार्यक्रम शाळेच्या आवारात झाला. अनंतने तो पाहिला नाही. संध्याकाळी शंभूने फोनवर फोटो दाखवला. जयराम गावस यांच्या नावाखाली संचालक, परेश आणि गोकुळदास रोपाला पाणी घालत होते, पितळी झारीने.

जुलैत पाऊस तीन दिवस थांबलाच नाही. इतका पाऊस इतक्या थोड्या दिवसांत पडण्याची आता सवय झाली होती. चौथ्या दिवशी पहाटे अनंत आणि शंभू शेतावर गेले. उभ्या राहिलेल्या रानात चिखल कमरेएवढा साचून अडला होता. त्याच्या खालचं भात हिरवं होतं. तोडलेल्या अर्ध्यातून मात्र डंपची माती थेट उतरली होती, खड्डे बुजवून शंभूच्या शेतात शिरली होती. नुकतंच लावलेलं भात तांबड्या चिखलाखाली गेलं होतं. शंभू मेरेवर नुसता उभा राहिला.  शंभूने आपल्याला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं अनंतला वाटलं.

सप्टेंबरात सिद्धी एक कागद घेऊन आली. योजनेचा अहवाल प्रसिद्ध झाला होता आणि त्यात त्यांचा सर्व्हे नंबर होता. लागवड पूर्ण. जगलेली रोपं शेकडा त्र्याण्णव. सोबत फोटो होता, तो कुठल्या तरी दुसऱ्याच टेकडीचा.

"काका, यावर तक्रार केली तर त्यांना उत्तर द्यावंच लागेल," सिद्धी म्हणाली. "हे छापील आहे. मी माझे इतक्या वर्षांचे नमुने जोडते. फक्त..."

"दोन सह्या," अनंत म्हणाला.

तो तसाच डिचोलीला गेला. गोकुळदाससमोर अहवालाचा कागद ठेवला आणि उभा राहिला. गोकुळदासने वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"चल," अनंत म्हणाला.

"कुठे?"

"बाबांच्या नावाचं वन बघायला."

कदाचित वयनी दारात उभी होती म्हणून असेल, पण गोकुळदास उठला. दोघं स्कूटरने निघाले. मेरेवर आल्यावर अनंत खाली उतरला आणि वळून बघत उभा राहिला. गोकुळदास चपलांसकट चिखलात उतरला. पाय पोटरीपर्यंत गेला. त्याने तोल सावरायला हात पुढे केला. अनंतने तो धरला नाही. शंभूच्या शेताच्या मध्यापर्यंत तो तसाच गेला, वाकला आणि हात चिखलात घातला. कोपरापर्यंत गेला तरी त्याच्या हाताला काळी माती लागली नाही.

तो तसाच वाकलेला राहिला. मग म्हणाला, "तक्रारीचा कागद कुठे आहे?"

"घरी. सिद्धी बसली आहे."

"आणि तो बोर्ड? शाळेतला?"

"तो तू लावलास. तूच काढ."

सही झाली, दोन्ही नावं एकाखाली एक. गोकुळदास अंगणात पाय धुवायला गेला. बालदीतलं पाणी तांबडं झालं, दुसऱ्यांदा घेतलं तरी तांबडंच राहिलं. यशोदेने त्याला टॉवेल दिला आणि चहा विचारला. तो हो म्हणाला आणि अनंतकडे बघत राहिला, काहीतरी बोलण्याच्या तयारीत.

अनंतला ते ऐकायचं नव्हतं. सही मिळाली म्हणून त्याचा राग तसूभरही उतरला नव्हता. खरं तर आता तो नीट बसायला जागा मिळाल्यासारखा आत पक्का झाला होता.

"शेवटची बस सहाला आहे," तो म्हणाला. पहार खांद्यावर टाकून तो खाली व्हाळाकडे गेला. जुलैच्या लोंढ्याने फोडलेल्या बांधाचे दगड पाण्यात विखुरले होते. तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि पहिला दगड बांधाच्या जागी लोटायला लागला.